पंखे अर्धा सेकंद फिरून थांबतात: घरी जोडलेल्या संगणकातील दोष कसा शोधावा

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. आपण घरी जोडलेल्या संगणकात रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा पूर्ण आकाराचा एटीएक्स मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, एक ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॉटचा मोड्युलर (केबली सुट्या काढता येणारा) एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, आहे. कॅबिनेट मात्र जुनेच असून त्यात पूर्वी त्याहून लहान, मायक्रो एटीएक्स बोर्ड बसवलेला होता. बटण दाबले की सगळे पंखे अर्धा सेकंद हलतात, बोर्डावरचे दिवे एकदा चमकतात आणि सर्व काही बंद पडते. त्यानंतर बटण कितीही वेळा दाबले तरी हालचाल होत नाही, पण मागचा स्विच बंद करून मिनिटभराने पुन्हा लावला की तेच अर्ध्या सेकंदाचे फिरणे परत दिसते. दुकानदाराने एसएमपीएस खराब असल्याचे सांगितल्यामुळे आपण दुसऱ्या कंपनीचा एसएमपीएस आणून लावला, तरीही लक्षण बदलले नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, असेही आपण लिहिले आहे. आता बोर्ड बदलावा की प्रोसेसर, असा आपला प्रश्न आहे.

तूर्तास दोन्ही बदलू नयेत, आणि नवीन काहीच विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण सांगितलेले लक्षण फार बोलके आहे, आणि संगणक सुरू होण्याच्या क्रमात ते नेमके कोठे बसते हे पाहिले तर संशयितांची यादी बरीच आखूड होते.

मागचा स्विच लावताच एसएमपीएस फक्त एक पुरवठा सुरू करतो, तो म्हणजे ५ व्होल्टचा स्टँडबाय. बोर्डावर एखादा दिवा बटण न दाबताही तेवत असेल, तर तो याच पुरवठ्यावर असतो. आपण बटण दाबता तेव्हा बोर्ड २४ पिनी प्लगातली १६ क्रमांकाची पिन, म्हणजे पूर्वीच्या रंगीत केबलींमधली हिरवी तार, ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला) जोडतो आणि त्या इशाऱ्यावर एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो. हे पुरवठे आपापल्या मर्यादेत स्थिर झाले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस ‘पॉवर गुड’ हा संकेत बोर्डाला देतो, आणि त्यानंतरच प्रोसेसर जागा होऊन बायोस, म्हणजे बोर्डावर साठवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, वाचू लागतो. रॅमची तपासणी, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क यांची पाळी त्याच्याही पुढे येते. आपला संगणक अर्ध्या सेकंदात बंद पडतो, म्हणजे बहुधा तो या ‘पॉवर गुड’च्या उंबरठ्याशीच थांबतो. त्यामुळे रॅम खोडरबराने पुसून लावणे, बायोसचा सेल काढणे, विंडोज पुन्हा टाकणे यांसारखे सल्ले आपल्याला मिळाले असतील, तर ते सध्या बाजूला ठेवावेत. ते उपाय चुकीचे नाहीत, पण आपला संगणक अजून त्या टप्प्यापर्यंत पोहोचलेलाच नाही.

दुसरी खूण म्हणजे पुन्हा बटण दाबल्यावर काहीच न होणे. कोठेतरी शॉर्ट असला किंवा प्रमाणाबाहेर प्रवाह ओढला गेला, की एसएमपीएसमधील संरक्षण मंडल पुरवठा तोडते आणि तोडलेल्या स्थितीतच अडकून राहते. बहुतेक एसएमपीएस मेन्सचा स्विच काही काळ बंद ठेवल्याशिवाय त्या स्थितीतून बाहेर येत नाहीत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एसएमपीएस अगदी सारखेच वागतात, याचा अर्थ दोन्ही आपले काम चोख करत आहेत आणि शॉर्ट त्यांच्या पुढे, बोर्ड किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या वस्तूत आहे, असाच घ्यावा लागतो. म्हणूनच मागचा स्विच पुन्हा पुन्हा चालू-बंद करून ‘कधीतरी सुरू होईल’ असा प्रयत्न कृपया करू नये, कारण प्रत्येक वेळी त्या शॉर्टमधून मोठा प्रवाह क्षणभर वाहतो आणि आज शाबूत असलेला भाग उद्या जळू शकतो.

इथे एक प्रश्न मी आपल्याला आवर्जून विचारतो, कारण आपल्या वर्णनात त्याचे उत्तर नाही. दुसरा एसएमपीएस लावताना आपण केबलीही बदलल्या, की व्यवस्थित बांधलेल्या जुन्या केबली तशाच ठेवून फक्त एसएमपीएसचा डबा बदलला? बदलल्या नसतील, तर पुढचे वाचण्यापूर्वी मेन्सची वायर काढून ठेवावी. मोड्युलर केबलीचे बोर्डाकडचे टोक प्रमाणित असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनवर कोणता पुरवठा असावा याचे प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी, आणि कधीकधी एकाच कंपनीची दोन मॉडेले, ते आपल्या सोयीने ठरवतात. प्लग सहज बसतो, खटकाही लागतो, आणि तरी जिथे ५ व्होल्ट जायला हवेत तिथे १२ व्होल्ट जाऊ शकतात. अशा अदलाबदलीत हार्ड डिस्क आणि एसएसडी एका क्षणात गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि हे नुकसान वॉरंटीत बसत नाही. ज्या डब्यासोबत ज्या केबली आल्या, त्याच त्याला लावायच्या, यात अपवाद करू नये.

केबलींबाबतच आणखी एक गोष्ट तपासावी. प्रोसेसरचा आठ पिनी प्लग चार अधिक चार असा दुभंगतो आणि ग्राफिक्स कार्डाचा सहा अधिक दोन असा. या दोहोंत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा एकमेकांच्या उलट आहेत. पिनांच्या खाचा निराळ्या असल्यामुळे चुकीचा प्लग सहसा बसत नाही, पण अरुंद जागेत अंगठ्याने जोर लावून बसवल्याची उदाहरणे आहेत. हल्ली सर्व तारा काळ्याच असल्याने रंगावरून चूक लक्षात येत नाही. म्हणून बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातील प्लग दुभंगतो कसा, हे टॉर्च धरून प्रत्यक्ष पाहावे.

केबली बरोबर असतील, तर माझा पहिला संशय कॅबिनेटवर आहे, आणि तो आपल्याच माहितीवरून आला आहे. मायक्रो एटीएक्स बोर्ड साधारण २४४ गुणिले २४४ मिलिमीटरचा असतो, तर एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा. वरच्या भागातील बरीच छिद्रे दोन्हींना सामाईक आहेत, पण मायक्रो एटीएक्सच्या खालच्या कडेजवळ स्क्रूची जी ओळ येते, ती एटीएक्स बोर्डावर नसते. पूर्वीच्या बोर्डासाठी तिथे लावलेले पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उंच धरणारे खुंट) काढले नसतील, तर आपल्या नव्या बोर्डाच्या पाठीवर, जिथे छिद्र नाही अशा जागी, ते टेकलेले असणार. बोर्डाच्या पाठीवर शेकडो सोल्डरचे टोकदार ठिपके असतात. त्यांपैकी एखाद्या १२ किंवा ५ व्होल्टच्या ठिपक्याला पितळ टेकले, की पत्र्यामार्फत तो सरळ ग्राउंडला जातो, आणि आपण वर्णन केले आहे तेच घडते.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या मुलीच्या संगणकावर माझे दोन दिवस अशाच कारणाने गेले. लक्षण हेच होते, कॅबिनेट जुने होते, आणि मी एकेक सुटा भाग बदलून पाहत होतो. शेवटी बोर्ड बाहेर काढून उलटा केला, तेव्हा हिरवट लेपावर एक षटकोनी, चकचकीत ओरखडा दिसला, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. कॅबिनेटच्या पत्र्यावर बरोबर त्याच्या समोर एक स्टँडऑफ उभा होता. तो पान्याने काढला आणि संगणक पहिल्या प्रयत्नात सुरू झाला. तेव्हापासून बोर्ड ठेवण्यापूर्वी बोर्डाची छिद्रे आणि पत्र्यावरचे स्टँडऑफ मी मोजून जुळवतो. एटीएक्स बोर्डाला सामान्यतः नऊ छिद्रे असतात. पत्र्यावर दहावा किंवा अकरावा स्टँडऑफ दिसला, तर तो काढलाच पाहिजे.

कॅबिनेटमध्ये शॉर्टच्या आणखी दोन जागा आहेत. मागच्या पोर्टांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी सुटी असेल, तर तिच्या बारीक जिभा बोर्ड सरकवताना वाकून एखाद्या यूएसबी किंवा लॅन पोर्टाच्या आत शिरतात. मागून पोर्टात डोकावले की त्या लगेच दिसतात. दुसरी जागा पुढच्या यूएसबीची. जुन्या कॅबिनेटची जाड निळी केबल बोर्डावर तिरकी दाबली गेली, तर तिथल्या बारीक पिना वाकून एकमेकींना चिकटतात.

हे सगळे कॅबिनेटच्या आत वाकून शोधण्यापेक्षा बोर्ड बाहेर काढणे सोपे आणि खात्रीचे आहे. मेन्सची वायर काढल्यावर बटण एकदा दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्यावा. मग बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. ज्या चंदेरी पिशवीतून तो आला तिच्यावर मात्र ठेवू नये, कारण ती पिशवी स्थिर विद्युत निचरून जाण्यासाठीच बनवलेली असते आणि चालू बोर्डाखाली ती चालत नाही. बोर्डावर प्रोसेसर, त्याचा कूलर आणि रॅमची एकच पट्टी ठेवावी. पट्टी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत बसवावी, कारण चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर ‘ए२’ ती असते. कूलरचा पंखा ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच जोडावा. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पुढच्या यूएसबीच्या केबली, आरजीबी पट्ट्या, सर्व काढावे. रायझन ५ ७६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स आहे, त्यामुळे मॉनिटरची केबल थेट बोर्डाला लावता येते. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर असता, तर ही सोय मिळाली नसती, आणि ‘पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही’ अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच साधे कारण असते.

आता २४ पिनी आणि आठ पिनी असे दोनच प्लग लावून, बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. प्रचलित मांडणीत त्या ६ आणि ८ क्रमांकाच्या पिना असतात, तरी बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून खात्री करावी. पंखे फिरत राहिले, तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढून ठेवलेल्या वस्तूंमध्ये आहे, आणि एकेक वस्तू परत लावत गेल्यावर तो आपोआप सापडेल. कॅबिनेटच्या बटणाऐवजी स्क्रूड्रायव्हर वापरण्याचे कारणही सांगतो. जुने बटण आतल्या आत दाबलेले राहिले, तर संगणक सुरू होऊन बरोबर चार-पाच सेकंदांनी बंद पडतो, कारण बटण चार सेकंद धरून ठेवणे हा सक्तीने बंद करण्याचा आदेश आहे. आपले लक्षण त्याहून बरेच वेगवान असल्याने बटणावर माझा संशय नाही, पण हा मुद्दा असाच निकालात निघतो.

खोक्यावरही तेच अर्ध्या सेकंदाचे फिरणे दिसले, तर पुढची पायरी अशी. मेन्स बंद करून प्रोसेसरचा आठ पिनी प्लग काढावा आणि केवळ २४ पिनी प्लगावर बोर्ड सुरू करून पाहावा. संगणक यावर काम करणार नाही, पण बहुतेक बोर्डांवर पंखे फिरत राहतात. आठ पिनी प्लग काढल्यावर पंखे थांबेनासे झाले, तर शॉर्ट प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात किंवा प्रोसेसरमध्ये आहे. काहीच फरक पडला नाही, तर तो बोर्डाच्या उरलेल्या भागात आहे. एवढ्या एका प्रयोगाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

मल्टिमीटर जवळ असेल, तर मेन्सची वायर आणि सर्व प्लग काढून बोर्डावरील आठ पिनी सॉकेटमध्ये १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यातील रोध मोजावा. आकडा हळूहळू वाढत जाऊन शेकडो ओहम किंवा त्याहून वर स्थिरावला, तर चिंता नाही. मीटर सलग बीप देत शून्याजवळ राहिला, तर त्या भागातला एखादा मॉसफेट (विजेच्या स्विचसारखा काम करणारा घटक) शॉर्ट झाल्याची शक्यता मोठी आहे, आणि बोर्ड वॉरंटीत द्यावा लागेल. हीच मोजणी ग्राफिक्स कार्डाच्या वीज सॉकेटवरही करावी. एक खबरदारी मात्र हवी. प्रोसेसरभोवतीच्या चौकोनी चोकांवर (तारेच्या वेटोळ्यांच्या घटकांवर) मीटर लावून बीप ऐकू आला म्हणून बोर्ड शॉर्ट ठरवू नये. प्रोसेसर बसवलेला असताना त्याच्या गाभ्याच्या पुरवठ्याचा रोध मुळातच अत्यंत कमी असतो आणि निरोगी बोर्डावरही तिथे बीप येतो. या गैरसमजापायी चांगले बोर्ड परत पाठवले गेले आहेत.

संशय प्रोसेसरच्या भागावर आला, तर कूलर काढून सॉकेट पाहावे लागेल. एएम५ सॉकेटमध्ये १७१८ पिना बोर्डावर असतात, आणि प्रोसेसर बसवताना एका कोपऱ्याचा जरा धक्का लागला तरी दोन-चार पिना वाकून शेजारणींना टेकतात. सरळ वरून पाहिल्यास हे कळत नाही. टॉर्चचा प्रकाश बाजूने तिरपा पाडून, मोबाइलने जवळून छायाचित्र काढावे. सगळ्या पिनांची टोके एकाच दिशेने चमकतात, आणि वाकलेली पिन त्या रांगेत गडद खळगा होऊन उठून दिसते. पिन वाकलेली आढळली, तर सुईने सरळ करण्याचा मोह आवरून भिंगाखाली काम करणाऱ्या जाणकाराकडेच बोर्ड न्यावा. पिना ठीक असतील, तर तेच छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे, कारण वाकलेल्या पिनांच्या कारणावरून वॉरंटी नाकारली जाते आणि मग बोर्ड देताना तो कसा होता याचा पुरावा आपल्याजवळ उरत नाही.

एसएमपीएसबद्दल शंका उरलीच असेल, तर तो काहीही न जोडता, फक्त एखादा कॅबिनेटचा पंखा लावून, २४ पिनी प्लगातील १६ क्रमांकाची पिन शेजारच्या ग्राउंडला तारेच्या तुकड्याने जोडून सुरू करता येतो. मीटरवर १२ व्होल्टचा पुरवठा ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टचा ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान असावा. डब्याचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात, आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात.

झिणझिण्यांचा या बिघाडाशी थेट संबंध नाही, पण त्याकडे दुर्लक्ष करू नये. एसएमपीएसच्या प्रवेशाशी असलेल्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे जाणारे दोन लहान कपॅसिटर असतात. घराचे अर्थिंग तुटलेले असेल, तर त्यांच्यामुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मेन्सच्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी थोडा असल्याने केवळ झिणझिण्या जाणवतात, पण एखाद्या दिवशी खरी गळती झाली तर ती वाहून न्यायला वाट नसेल. कोकणातल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनेचे छिद्र असते आणि त्यामागे तारच नसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा येतो का, हे मोजून घ्यावे. हे काम संगणक सुरू होण्याची वाट न पाहता या आठवड्यातच करावे.

शॉर्ट सापडून संगणक सुरू राहू लागला, तरी पहिल्या वेळी पडदा बराच काळ काळाच राहू शकतो, हे आधीच सांगून ठेवतो. एएम५ बोर्ड डीडीआर५ रॅमशी प्रथमच जुळवून घेताना प्रत्येक पट्टीची वेळमोजणी शिकतो, आणि याला काही मिनिटे लागतात. बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा त्या काळात पेटलेला राहतो. इतका त्रास झाल्यावर तो दिवा पाहून जीव घाबरतो आणि हात स्विचकडे जातो. तसे केल्यास शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. निदान पंधरा मिनिटे थांबावे. त्यानंतरही दिवा तसाच राहिला, तर दुसरी पट्टी त्याच खाचेत लावून पाहावी आणि मगच बायोसची सेटिंग्ज बोर्डावरच्या जंपरने (त्यासाठीच्या दोन पिना जोडून) पुसावीत. रॅमचा वाढीव वेग संगणक एक-दोन दिवस नीट चालल्यावरच सुरू करावा.

आपण आधी स्टँडऑफ मोजा, केबली कोणत्या डब्याच्या आहेत ते पाहा, आणि खोक्यावर ठेवलेला बोर्ड आठ पिनी प्लगासह आणि त्याशिवाय कसा वागतो ते लिहून कळवा. सोबत आठ पिनी सॉकेटवरचा रोधाचा आकडा असेल, तर बोर्ड आणि प्रोसेसर यांतले काय वॉरंटीत द्यायचे, की काहीच द्यायचे नाही, हे मी आपल्याला खात्रीने सांगू शकेन.